गणित, अर्थशास्त्र आणि फायनान्सची एकत्र पदवी: शिकून झाल्यावरचा माझा अभिप्राय

धाकट्या मावसभावाने फोनवर विचारलं, "ताई, तू केलास तो कोर्स मी घेऊ का?" मी लगेच "घे" म्हणाले. नंतर वाटलं, त्याला याहून नीट उत्तर द्यायला हवं होतं. गणित, अर्थशास्त्र आणि फायनान्स या तिन्ही विषयांची मिळून एक पदवी मी नुकतीच पूर्ण केली आहे. ती आवडली आणि तिने दमवलंही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षात शेअर बाजाराचं नावही फारसं निघत नाही, हे आधी ठाऊक असलेलं बरं. रिअल ॲनालिसिस (कलनशास्त्राचा सिद्धतेसह पाया), लीनिअर अल्जिब्रा (सदिश आणि मॅट्रिक्सचं गणित) आणि मायक्रो (ग्राहक आणि कंपन्या निर्णय कसे घेतात त्याचं अर्थशास्त्र), बस्स. शाळेत गणित म्हणजे उत्तर काढणं असतं, इथे ते सिद्ध करणं असतं. एखादी श्रेणी एका संख्येकडे जाते, हे डोळ्यांना दिसत असतानाही एप्सिलॉन, म्हणजे हवं तितकं छोटं अंतर, घेऊन ओळीने मांडावं लागतं. माझी पहिली असाइनमेंट परत आली तेव्हा प्रत्येक पायरीशेजारी लाल शाईत एकच शब्द होता, "का?" मी दोन दिवस खट्टू होते. पण ती सवय लागली आणि पुढे अर्थशास्त्राच्या वर्गात कुणी "बाजार समतोलाला येतो" म्हटलं की माझ्या मनात आपोआप तोच लाल "का?" उमटायचा. काही अटी पाळल्या तर मागणी आणि पुरवठा जुळणारा समतोल असतोच, हे ॲरो आणि डेब्रू या अर्थशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये स्थिरबिंदूच्या (फल लावूनही जागचा न हलणाऱ्या बिंदूच्या) प्रमेयावरून सिद्ध केलं. ती सिद्धता मला समजली ती त्या पहिल्या वर्षामुळेच.

दुसऱ्या वर्षी एकाच आठवड्यात मला लॅम्डा हे ग्रीक अक्षर तीन वेळा भेटलं. सोमवारी गणितात लाग्रांजची पद्धत शिकवली. अट पाळून एखादं फल जास्तीत जास्त करायचं असेल, तर त्या बिंदूला फलाचा आणि अटीचा ग्रेडियंट (सर्वांत वेगाने वाढ होण्याची दिशा) एका रेषेत येतात आणि त्यांचं गुणोत्तर म्हणजे लॅम्डा. बुधवारी मायक्रोमध्ये ग्राहकाचं बजेट आलं आणि लॅम्डाला अर्थ मिळाला: खिशात आणखी एक एकक पैसा आला तर समाधान किती वाढेल, तो आकडा. शुक्रवारी फायनान्समध्ये अर्थशास्त्रज्ञ मार्कोविट्झचा पोर्टफोलिओ, म्हणजे पैसे कोणत्या शेअर्समध्ये किती वाटायचे हा प्रश्न, होता. ठरावीक परतावा हवा आणि चढउतार कमीत कमी हवेत, तर लॅम्डा सांगतो की परताव्याची मागणी किंचित वाढवल्यावर जोखमीत किती भर पडेल. तिघांपैकी एकाही शिक्षकाने "हाच तो" असं म्हटलं नाही. शुक्रवारी रात्री मी वहीच्या मागच्या पानावर तिन्ही समीकरणं एकाखाली एक लिहिली आणि कितीतरी वेळ बघत बसले. सुट्या वाटणाऱ्या अटींनाही किंमत असते आणि ती मोजता येते, हे त्या रात्री मला खरं कळलं.

या कोर्सचा खरा कस लागतो तिसऱ्या वर्षी, ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काच्या, किमतीत. छोटं उदाहरण देते, कारण मला पटलं ते यानेच. शेअर आज 100 ला आहे. उद्या तो 120 होईल किंवा 90, तिसरी शक्यता नाही. व्याज शून्य धरू. उद्या तो शेअर 100 ला घेण्याचा हक्क आज कितीला विकावा? मी पटकन म्हणाले, वर जाण्याची शक्यता किती ते सांगा. मॅडम म्हणाल्या, ती लागतच नाही. 60 उसने घ्या आणि दोन-तृतीयांश शेअर घ्या, त्याला 66.67 लागतील. म्हणजे पदरचे गेले 6.67. शेअर 120 झाला तर तुमच्याकडे 80, उसने फेडून 20 उरतात. 90 झाला तर 60 येतात, ते फेडण्यात जातात, हाती शून्य. त्या हक्काचंही नेमकं हेच होतं: 20 किंवा शून्य. मग त्याची किंमत 6.67 हवीच. कुणी 10 ला घेत असेल तर विकणाऱ्याला 3.33 बिनजोखमीचे सुटतात.

त्यानंतर तिन्ही विषय आपापल्या भाषेत तेच बोलायला लागले. गणित म्हणतं, वर जाण्याला एक-तृतीयांश वजन देणारी एक वेगळी संभाव्यता घ्या, तिच्याखाली सरासरी काढा, 6.67 च येतात. अर्थशास्त्र म्हणतं, हे एक-तृतीयांश म्हणजे "शेअर वर गेला तरच 1 मिळेल" अशा वचनाची आजची किंमत. फायनान्स म्हणतं, बाकीचं राहू द्या, जोखीम कशी झाकायची ते कळलं ना? ब्लॅक आणि शोल्स यांनी 1973 मध्ये मांडलेल्या ऑप्शनच्या किमतीच्या सूत्रातही शेअरचा सरासरी परतावा कुठेच येत नाही, त्याचं कारण हेच. नुसतं फायनान्स शिकले असते तर ते सूत्र पाठ झालं असतं. आता ते कोऱ्या कागदावर उभं करता येतं.

आता तक्रारी. तीन विभाग मिळून पदवी देतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्याकडे फायनान्सने इटोचं सूत्र (यादृच्छिकपणे हलणाऱ्या किमतींसाठीचं कलनशास्त्र) एक सेमिस्टर आधी वापरलं आणि गणिताने संभाव्यतेचा पाया नंतर घातला. चार महिने मी ते सूत्र मंत्रासारखं म्हणत होते, त्यात डीटी हे वेळेच्या छोट्या तुकड्याचं पद का उरतं याचा पत्ता नव्हता. चिन्हांचाही गोंधळ होतो. बीटा हे अक्षर मॅक्रोमध्ये (सबंध देशाच्या अर्थव्यवस्थेच्या अभ्यासात) उद्याच्या समाधानाला दिलेलं वजन, इकॉनॉमेट्रिक्समध्ये (आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्रात) रिग्रेशनचा, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध दाखवणाऱ्या रेषेचा, सहगुणक, आणि फायनान्समध्ये शेअर बाजाराबरोबर किती हलतो त्याचं माप. एकाच दिवशी तिन्ही तास असले की डोकं भणभणतं. प्रबंधासाठी मार्गदर्शक शोधताना तर दोन विभागांनी मला एकमेकांकडे पाठवलं. विषय एकाला फार गणिती वाटला, दुसऱ्याला पुरेसा गणिती नाही. तेव्हा मला मार्कोविट्झची गोष्ट आठवायची. त्याच्या प्रबंधाच्या परीक्षेत नामवंत अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन म्हणाले होते की हे अर्थशास्त्रच नव्हे. पदवी मिळाली, आणि 1990 मध्ये त्याच कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेलही. त्याहीआधी, 1900 मध्ये, बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने सट्ट्याच्या गणितावर प्रबंध लिहिला, तेव्हा परीक्षक असलेल्या प्वांकारे या थोर गणितज्ञाने कौतुक केलं, पण विषय नेहमीच्या विषयांपासून जरा लांबचा आहे अशी नोंदही केली. या सांध्यावर काम करणाऱ्याला घर लवकर मिळत नाही, ही गोष्ट जुनी आहे. पण म्हणून 20 वर्षांच्या मुलांनी आजही दारोदार फिरावं, हे मला मान्य नाही.

इकॉनॉमेट्रिक्स उत्तम होतं. खरा डेटा हातात आला की सुबक गृहीतकं कुठे तुटतात ते दिसतं. 19 ऑक्टोबर 1987 ला डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के पडला. नॉर्मल वितरणाच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या आलेखाच्या, हिशेबाने तो दिवस कधीच यायला नको होता. प्रोग्रॅम करून तो आलेख मी स्वतः काढला तेव्हा त्या एका ठिपक्याने घंटेच्या आकाराची सगळी ऐट घालवली. असे तास आणखी हवे होते. अकाउंटिंग मात्र नावापुरतं होतं, कंपनीचा ताळेबंद वाचायला मी नंतर आपली आपण शिकले.

ज्याला फक्त बाजारात लवकर कामाला लागायचं आहे, त्याने साधी फायनान्सची पदवी घ्यावी, इथला वेळ त्याला जाचेल. ज्याला "का?" विचारल्याशिवाय चैन पडत नाही आणि उत्तर लोकांच्या व्यवहारात उतरलेलं बघायचं आहे, त्याने जरूर यावं. प्रवेशाआधी वेळापत्रक मागून घ्या आणि संभाव्यता डेरिव्हेटिव्हजच्या (ऑप्शनसारख्या करारांच्या विषयाच्या) आधी आहे का, एवढं नक्की तपासा. आधीच्या तुकडीतल्या कुणाला तरी भेटा आणि प्रबंध कोणत्या विभागाने स्वीकारला ते विचारा.

मावसभावाला मी काल पुन्हा फोन केला. रिअल ॲनालिसिसचे पहिले दोन धडे आधी स्वतः सोडवून बघ म्हटलं, अडशील तिथे मला विचार. वही त्याच्याकडे पाठवली आहे, मागच्या पानासकट.