दिवाणखान्यात उंच बैठक: चिऱ्याचा चौथरा, लाकडी मंच की माळा?

16 फुटांवर कौलं असलेला दिवाणखाना पाहिला, की गवंडी चौथरा सुचवतो, सुतार मंच, आणि लोखंडी काम करणारा माळा. खाली जमीन आहे की स्लॅब, हे आधी बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

जमिनीवरचं घर असेल तर माझा कौल चिऱ्याच्या चौथऱ्याला. बल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, सोप्यावर (बांधीव बाकावर) बसायची गोव्यात सवयच आहे. कड 16 ते 18 इंच उंच ठेवली की पाहुणे तिथेच टेकतात, वेगळा सोफा लागत नाही. मध्ये एक पायरी मात्र हवीच, नाहीतर आजी एकदा चढेल आणि पुन्हा फिरकणार नाही. आत बागेतली माती नको. मुरूम ठोकून भरा, त्यावर जाड प्लास्टिक अंथरा, मग कोबा. पावसाळ्यात ओल खालून वर चढते. चौथरा चुकला तर फोडण्याशिवाय इलाज नाही. म्हणून आधी खडूने आखून आठवडाभर त्याच्याभोवती वावरून बघा.

खाली स्लॅब असेल तर चौथरा विसरा. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो वापरभार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून केलेला असतो; दीड फूट भराव तेवढ्याच जागेत 800 किलोंच्या घरात जातो. तिथे लाकडी मंच. प्लाय आयएस 710 शिक्क्याचा मरीनच, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या. खाली खण करायचा मोह होतो, पण बंद खणातल्या गाद्यांना जुलैत बुरशी येते. दर्शनी फळीला जाळी ठेवा. वाळवी भिंतीतून येते, तेव्हा भिंतीपासून बोटभर अंतर सोडा. आणि पंख्याची पाती मंचापासून 8 फूट तरी वर राहतात का, तेही मोजा.

माळ्याने जागा सर्वांत जास्त मिळते, तरी मला तो पटत नाही. ही घरं उंच ठेवली ती गरम हवा डोक्यावर राहावी म्हणून, आणि माळ्यावर माणूस नेमका त्याच हवेत जाऊन बसतो. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, शिवाय पंचायतीत किंवा पालिकेत परवानगीची चौकशी आधीच करावी लागते. मुलांना अभ्यासाला दुसरी जागाच नसेल तर करा, पण मग कौलांखाली फळ्यांचं अस्तर आणि वर एक खिडकी त्याच खर्चात धरा.