इंजेरा, नाचणी आणि कोंढव्यातला रविवार

पुण्यातल्या कोंढव्यात एका इथिओपियन कुटुंबाने आपल्या घरीच दर रविवारी दुपारी जेवणाची सोय केली आहे. जागा राहती असल्यामुळे पत्ता येथे देत नाही. ओळखीचा एखादा इथिओपियन विद्यार्थी असल्यास त्याच्याकडून तो मिळेल.

चौघांत मिळून एकच मोठे ताट येते. त्यात इंजेरा पसरलेला असतो आणि त्यावरच भाज्या, डाळी वाढलेल्या असतात. आंबवलेल्या पिठाचा हा मऊ, आंबूस, जाळीदार प्रकार आंबोली खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्याच घासात ओळखीचा वाटतो. जाळीच्या छिद्रांना ते लोक ‘डोळे’ म्हणतात आणि पीठ नीट आंबले की नाही, हे त्या डोळ्यांवरून पारखतात. मूळ धान्य टेफ हे नाचणीहूनही बारीक असते. ते येथे सहज मिळत नाही, म्हणून निम्मी नाचणी घालतात. यात कमीपणा काहीच नाही, कारण आपण कोकण-सह्याद्रीची म्हणून जिला ओळखतो ती नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातूनच हजारो वर्षांपूर्वी भारतात आलेली आहे.

शिरो म्हणजे बेरबेरे मसाल्याचे तिखट पिठलेच; मला तोच सर्वांत आवडला. मसुराची डाळही उत्तम होती. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी व शुक्रवारी उपवास करतात आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, त्यामुळे शाकाहारी पदार्थांची त्यांच्याकडे वाण नाही. कोंबडीचा डोरो वट मात्र कोमट आला, आणि मसाला किती जहाल आहे हे आधी सांगायला हवे होते.

जेवताना शेजारच्याला घास भरवण्याची त्यांची रीत आहे, तिला गुर्शा म्हणतात. यजमानीणबाईंनी माझ्या आईला पहिला घास भरवला, तेव्हा ती क्षणभर संकोचली आणि मग तिनेही त्यांना भरवला.

भिंतीवर १९६० साली रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकणाऱ्या अबेबे बिकिलाचे छायाचित्र आहे आणि त्याच्या शेजारी मलिक अंबरचे चित्र. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा हा माणूस मी शाळेत केवळ परीक्षेपुरता वाचला होता. यजमान त्याच्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यासारखे बोलतात, आणि ज्याने दख्खनमध्ये मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले त्याच्या देशाच्या मुलांना याच महाराष्ट्रात घर मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला तीन घरमालकांनी फोनवर होकार देऊन समोर पाहताच नकार दिला होता. जेवणे आटोपली की ताटे उचलून त्याच टेबलावर यजमान अशा नवागतांचे भाडेकरार वाचून देतात, पोलीस पडताळणीचे अर्ज भरून देतात आणि गरज पडल्यास घरमालकाकडे सोबत जातात. त्याचे ते काहीही घेत नाहीत. जेवणाच्या पैशांतूनच झेरॉक्स-रिक्षाचा खर्च निघतो.

शाकाहारी ताटाचे माणशी ४५० रुपये पडतात. पीठ आंबायला वेळ लागतो, म्हणून गुरुवारपर्यंत कळवावे. शेवटी जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यातली कॉफी तीन फेऱ्यांत देतात आणि तिला तासभर लागतो, तेव्हा संध्याकाळची कामे ठेवून जाऊ नये.