फाइट जिंकलो आणि खात्यात आले 470 डॉलर. एमएमए (बॉक्सिंग, कुस्ती सगळं चालतं ती केजमधली, म्हणजे जाळीच्या रिंगणातली लढत) कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी वाचा

डोकं अजून तापलेलंय म्हणून लिहितोय. ठरलं होतं 2000 डॉलर शो, म्हणजे लढायचे, आणि जिंकलो तर वर 2000 विन. दुसऱ्या राउंडला गळा आवळून, चोक लावून जिंकलो. मग कापाकापी बघा: मेडिकलचे 450, कॉर्नरवाल्यांच्या (फाइटला सोबत असणाऱ्या कोचांच्या) लायसन्स-प्रवासाचे 380, मला विकायला दिलेल्या पण न खपलेल्या 20 तिकिटांचे 900, मॅनेजरचे 20 टक्के म्हणजे 800, आणि तेही पूर्ण 4000 वर, उरलेल्यावर नाही! राहिले 1470, त्यातले 1000 म्हणे पुढच्या फाइटला अॅडजस्ट करू.

कळायला पाहिजे होतं ते वेट-इनच्या, म्हणजे फाइटआधी वजन करतात त्या दिवशीच. स्केलवरून नुकताच उतरलेलो, ओठ फाटलेले, अंगाला टॉवेल, आणि मॅनेजरने कागद पुढे केले. वर कमिशनचं (फाइटवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बाउट अॅग्रीमेंट, म्हणजे त्या एका फाइटचा करार, त्यावर 2000-2000 स्वच्छ लिहिलेलं. खाली एक जाड गठ्ठा. हे काय विचारलं तर "तेच रे, प्रमोशनची कॉपी." (प्रमोशन म्हणजे फाइट भरवणारी कंपनी.) पानं तोच उलटत होता, बोट ठेवील तिथे मी सही. एका पानावर तारीख कोरी होती, मी दाखवली, तर म्हणाला ऑफिसवाले भरतील. तिथंच पेन खाली ठेवायला हवं होतं, पण उद्या फाइट, घशाला कोरड, त्या अवस्थेत कोण क्लॉज वाचतो? हे लोक वेळ मुद्दाम तीच गाठतात. वजन उतरायच्या आठवड्यात कशावरच सही करू नका.

गठ्ठ्यात काय होतं, तर 4 फाइट एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे तोवर फक्त त्यांच्याकडेच लढायचं, दुखापत झाली किंवा फाइट नाकारली की मुदत आपोआप वाढणार, वर मॅचिंग राइट, म्हणजे दुसऱ्याने दिलेली ऑफर तेवढेच पैसे देऊन स्वतःकडे घ्यायचा हक्क. पुढच्या फाइटला समोरचा वजनात बसला नाही, फाइट रद्द, शोचे पैसे शून्य, कारण मी केजमध्ये उतरलोच नाही म्हणे. (वजन केलं की शो मनी मिळणार, हे आधी लिहून घ्या.) दुसऱ्या प्रमोशनने 5000 अधिक 5000 देऊ केले, तर यांनी त्यांना मॅचिंग राइटचं पत्र धाडलं, ते मागे सरले, आणि हे स्वतः ना तेवढे पैसे देतात ना फाइट.

कमिशनकडे गेलो तर आमच्याकडे फक्त बाउट अॅग्रीमेंट, दुसरा करार आमचा विषय नाही. कामगार खात्यात गेलो तर तुम्ही कर्मचारीच नाही, इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर. मग दुसरीकडे लढायला परवानगी का लागते हो? त्याला उत्तर नाही. पोलीस म्हणाले दिवाणी मामला, आणि वकिलाने आधी फी सांगितली, ती माझ्या अडकलेल्या पैशांपेक्षा जास्त, वर करारात लवाद, तोही प्रमोटरच्या शहरात. मेडिकल एक दिवस उशिरा दिलं तर हेच कमिशन कार्डवरून (त्या दिवशीच्या फाइटच्या यादीतून) नाव काढतं, तेव्हा बरोबर विषय त्यांचा असतो.

अमेरिकेत बॉक्सरांसाठी 2000 सालापासून अली अॅक्ट आहे, मॅनेजर आणि प्रमोटरचं साटंलोटं त्यात चालत नाही. एमएमएला तो लागूच नाही. यूएफसीवर, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या प्रमोशनवर, मक्तेदारी करून पैसे दाबले म्हणून फायटर्सनी 2014 ला केस टाकली, 2024 मध्ये जजने 335 मिलियन डॉलरची तडजोड नामंजूर केली, मग 375 मिलियनला मिटलं. मोठ्या नावांना दहा वर्षं लागली, आपल्याला कोण विचारतो!

मॅनेजरला प्रमोटरकडून काही मिळतं का ते लेखी विचारा. माझ्यावाल्याला मिळत होतं, नंतर कळलं. तिकिटं विकायची अट दिसली की उठा.

परवा त्यांच्या नव्या पोस्टरवर माझाच फोटो. फोन केला तर म्हणे वाच की, फोटोचे हक्क कायमचे दिलेत तू. त्या क्लॉजला मुदत घालून घ्या, नाहीतर खोडायला लावा.