जुनं हिप-हॉप की आत्ताचं पॉप, पहिली रेकॉर्ड कुठली घ्यायची?

भाचीला वाढदिवसाला रेकॉर्ड प्लेअर मिळालाय, आता पैसे उरलेत दोन रेकॉर्डपुरते आणि ती मला विचारते, मामा काय घेऊ, तुझं ते नव्वदीतलं हिप-हॉप की माझं पॉप. अजून कोणी असंच अडकलं असेल तर त्यांच्यासाठीही लिहितोय. मी पंचेचाळिशीतला माणूस आहे, 1999 ला न्यू जर्सीच्या चुलतभावाने बॅगेतून आणलेल्या चार सीडींवर माझं कॉलेज निघालं, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते धरूनच वाचा. पण मागची दोन वर्षं भाचीच्या प्लेलिस्टमुळे तिचंही सगळं ऐकलंय, नाक न मुरडता, म्हणजे बहुतेक वेळा.

आधी एक गंमत. रॅपर नाझचा इलमॅटिक हा अल्बम आला 19 एप्रिल 1994 ला आणि पॉप गायिका टेलर स्विफ्टचा द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट आला 19 एप्रिल 2024 ला, बरोबर तीस वर्षांनी. पहिल्यात इंट्रो धरून 10 ट्रॅक, 40 मिनिटांना जेमतेम कमी. दुसऱ्यात 16 गाणी, आणि लोक ती ऐकून संपवतायत तोवर दोन तासांनी अजून 15 टाकली, झाली 31. मी प्रामाणिकपणे बसलो होतो पण विसाव्या गाण्याला कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. आता हिप-हॉपवाल्यांनी लगेच हसू नका, रॅपर टुपॅकचा ऑल आइज ऑन मी 1996 चा, डबल सीडी, 27 गाणी, तोही दोन तासांच्या वर जातो आणि त्यातली निम्मी मी आजही पुढे ढकलतो. सीडीवर जागा आहे म्हणून भरायचं हा रोग जुनाच आहे, आता स्ट्रीमिंगमुळे परत आलाय एवढंच. म्हणून माझा पहिला प्रश्न जुनं की नवं हा नसतोच, किती मिनिटांचा आहे हा असतो. रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं नीट बसतात, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीसवाला अल्बम एका तबकडीत येतो, त्यापुढे गेला की दोन तबकड्या, दर पंधरा मिनिटांनी उठा आणि पलटा.

तर इलमॅटिक. मी डोंबिवलीहून फास्ट पकडतो, कानात लावला की कुर्ल्याच्या आसपास संपतो, आणि इतक्या वर्षांत मधलं एकही गाणं उडवलेलं नाही. नाझ तेव्हा 20 वर्षांचा पोरगा, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी वसाहतीतला, आणि अख्खा अल्बम त्या वसाहतीच्या बाहेर फारसा जातच नाही, जिने, बाक, तुरुंगातल्या मित्राला लिहिलेली पत्रं. एन वाय स्टेट ऑफ माइंड लावून बघा. जो चेंबर्सच्या एका जुन्या जॅझ रेकॉर्डमधला पियानोचा तुकडा गाण्याचं संगीत करणाऱ्या डीजे प्रीमियरने असा कापून फिरवलाय की जिन्यात कोणीतरी उभं आहे असंच वाटतं, त्यावर नाझ आधी पुटपुटतो, हे सुरू कसं करायचं कळत नाही, आणि मग जो सुटतो तो श्वास घ्यायलाही थांबल्यासारखा वाटत नाही. आणि लाइफ्स अ बिचच्या शेवटी जो कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं वाद्य, वाजतो ना, तो त्याच्या वडिलांनी, ओलू दारांनी वाजवलाय. मुलगा रॅप संपवतो आणि बाप शांतपणे वाजवत निघून जातो. मला हे बऱ्याच वर्षांनी कळलं, त्यानंतर ते गाणं मला वेगळंच ऐकू यायला लागलं.

पॉपवाल्यांना माझा सल्ला, हा अल्बम शेवटून सुरू करा. शेवटचं गाणं इट एन्ट हार्ड टू टेल, त्यात मायकल जॅक्सनच्या ह्यूमन नेचरची सुरावट आहे. भाचीने दहा सेकंदात ओळखली आणि म्हणाली, हे तर चोरलंय. अगं चोरलंय नाही, सॅम्पल केलंय, त्या काळातलं बहुतेक हिप-हॉप असंच उभं राहिलंय, वडिलांच्या कपाटातल्या रेकॉर्डी काढायच्या, दोन-चार सेकंद उचलायचे आणि त्यावर आपलं घर बांधायचं.

अडचण एकच, शब्द. पहिल्यांदा ऐकताना चार ओळींतली एक कळते, क्वीन्सची बोली, तिथल्या गल्ल्यांची नावं, त्यामुळे समोर लिरिक्स उघडून बसावं लागतं. लोक याची पोवाड्याशी तुलना करतात, मला ती ओढूनताणून वाटते, पण शब्द चुकला की लय कोसळते एवढं साम्य मान्य. शिव्या भरपूर आहेत, बायकांबद्दल काही ओळी आज ऐकवत नाहीत, हॉलमध्ये आई बसलेली असताना लावू नका. आमच्या आईला इंग्रजी कळत नाही तरी तिने विचारलं होतं, हा कोणावर एवढा चिडलाय?

घरात सगळ्यांसमोर लावायचं तर अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिप-हॉप ग्रुपचा द लो एंड थिअरी, 1991 चा. हा भांडत नाही, गप्पा मारतो. क्यू-टिप आणि फाइफ डॉग हे त्यातले दोन रॅपर, एक जण गुळगुळीत आणि एक जण खरखरीत, आळीपाळीने. एका गाण्यात तर रॉन कार्टर स्वतः येऊन बास वाजवून गेलाय, तोच, जॅझवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर वाजवणारा. फक्त हा फोनच्या स्पीकरवर ऐकून नापास करू नका, नावातच लो एंड आहे, खालचा सूर ऐकू आला नाही तर उरतं काय.

आता पॉप. भाचीच्या बाजूचा सगळ्यात मजबूत गडी म्हणजे बिली आयलिशचा हिट मी हार्ड अँड सॉफ्ट, मे 2024. पुन्हा 10च गाणी, 44 मिनिटांच्या आसपास, आणि आधी एकही सुटं गाणं, म्हणजे सिंगल, न सोडता सगळा एकदम आणला, म्हणजे घ्या आणि अख्खा ऐका. भाऊ फिनिअस संगीत करतो, बहीण गाते. द ग्रेटेस्टमध्ये ती निम्मं गाणं नुसत्या गिटारवर कुजबुजत राहते, इतकी की मी आवाज वाढवला, आणि मग एकदम सगळं फुटतं आणि मी धावत जाऊन कमी केला. लामूर द मा वी तर संथ जॅझसारखं चालू होतं आणि अर्ध्यात कोणीतरी दुसऱ्याच पार्टीचं दार उघडल्यासारखं होतं. हेडफोन लावून अंधारात ऐकायचा अल्बम आहे हा, आणि इलमॅटिकच्या शेजारी ठेवला तरी लाज वाटणार नाही. शब्द पहिल्या फटक्यात कळतात, हा पॉपचा मोठा फायदा.

मग पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचा ब्रॅट, जून 2024, तो नुसत्या पोपटी चौकोनी कव्हरवाला. मला आधी वाटलं नुसता क्लबचा धुमाकूळ, पण मध्येच सो आय येतं, सोफी नावाच्या तिच्या संगीतकार मैत्रिणीवर, जी 2021 ला गेली, आणि एका गाण्यात ती चक्क मूल व्हायला हवं का याचा हिशोब मांडत बसते. तरीही सांगतो, सकाळी चहाबरोबर हा चालत नाही, डोकं उठतं. रात्री भांडी घासताना एकदम फिट्ट. सब्रिना कारपेंटरचा शॉर्ट अँड स्वीट नावासारखाच आहे, 36 मिनिटं, विनोदी आहे, फोनवरही छान वाजतो, पण मला चार वेळा ऐकून पुरला. रेकॉर्ड घेण्याइतका नाही.

आणि ज्यांचं दोन्हीकडे मन आहे त्यांच्यासाठी लॉरिन हिलचा द मिसएज्युकेशन, 1998. ती रॅपही करते आणि गातेही, दोन्ही इतकं सहज की कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं कळत नाही. अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळवणारा पहिला हिप-हॉप अल्बम हाच. यातही लांबीचा रोग आहे, 77 मिनिटं, गाण्यांच्या मध्ये वर्गातल्या पोरांचं प्रेमावर बोलणं येतं, पहिल्यांदा गोड वाटतं, दहाव्यांदा नाही. त्या वर्गातला मास्तर म्हणजे रास बराका, पुढे न्यू जर्सीतल्या नेवार्कचा महापौर झाला. माझा तो चुलतभाऊ त्याच भागात राहतो, त्याला हे सांगितलं तर म्हणे, काहीही.

तर भाचीला मी सांगितलं ते असं. लिरिक्स उघडून बसायची तयारी असेल तर इलमॅटिक, नसेल तर लो एंड थिअरी, आणि दुसरी रेकॉर्ड डोळे मिटून बिलीची. पॉपच्या रेकॉर्डी चार रंगांत आणि चार कव्हरांत येतात त्यात पैसे घालवू नका, साधी काळी घ्या, आत गाणी तीच असतात. आणि घरपोच मागवलीत तर येताच सपाट टेबलावर ठेवून बघा, माझी एक पापडासारखी आली होती आणि ते लक्षात येईपर्यंत परत करायची मुदत गेली.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि बिलीबरोबर ब्रॅट घेतला, का तर पोपटी रंग भिंतीवर छान दिसतो. इलमॅटिक माझाच उचलून नेलाय. परवा परत मागितला तर म्हणते, थांब रे मामा, अजून बी साइड चालू आहे.