क्रियापद अडलं की कोणती डिक्शनरी उघडायची, इंग्लिश-मराठी की इंग्लिश-इंग्लिश?

दोन्ही वापरून झाल्यात. इंग्लिश-मराठी शाळेपासून आणि इंग्लिश-इंग्लिश (शिकणाऱ्यांसाठीची हां, ती जाडजूड नव्हे) गेली चारेक वर्षं.

मराठी अर्थाची वाईट अजिबात नाही. जाँडिस शोधलं की 'कावीळ', विषय संपला. तेच दुसरीकडे कातडी आणि डोळे पिवळे पडतात वगैरे वाचून मग आपणच म्हणायचं, अच्छा, कावीळ होय! नामांसाठी माझं मत अजूनही मराठीलाच.

घोळ क्रियापदांचा. रिफ्यूज बघा, 'नाकारणे'. डिनाय, 'नाकारणे'. रिजेक्ट, परत तेच आणि डिक्लाइनलाही तेच. मग कुठलं कुठे वापरायचं ते कोण सांगणार? मी एकदा एका क्लायंटच्या जेवणाच्या आमंत्रणाला 'आय डिनाय युअर इन्व्हिटेशन' असं मेलमध्ये ठोकून दिलं, त्यांचं उत्तर आलं की अहो, मी कुठे आरोप केलाय तुमच्यावर! मला दोन दिवस कळेना ते हसले की चिडले. मग इंग्लिश-इंग्लिश उघडली तर डिनायखाली पहिलाच अर्थ, एखादी गोष्ट खरी नाही असं म्हणणं. आमंत्रणाला नम्रपणे नाही म्हणायचं तर डिक्लाइन, ठाम नकार असेल तर रिफ्यूज, आणि रिजेक्ट होतात ते अर्ज, प्रस्ताव.

शिवाय रिफ्यूजपुढे 'टू साइन' आणि डिनायपुढे 'साइनिंग', हे उदाहरणातच दिसतं. 'ही रिफ्यूज्ड टू साइन' म्हणजे सही केलीच नाही, 'ही डिनाइड साइनिंग' म्हणजे केली नाही असं तो म्हणतोय, खरंखोटं देव जाणे. गंमत म्हणजे बोलताना आपण हा फरक बरोबर करतो, 'सही करायला नकार दिला' आणि 'सही केल्याचं नाकारलं', फक्त डिक्शनरीत तो एका शब्दात गडप होतो.

थिसॉरसचं (समानार्थी शब्दांचा कोश) म्हणाल तर तो शब्दांचा ढीग देतो, फरक आधीच माहीत असेल तरच उपयोग.

इंग्लिशमधला अर्थ झेपेल का ही भीती मलाही होती, पण शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्यांपैकी लाँगमनवाले अर्थ सांगायला साधारण 2000 सोपेच शब्द वापरतात आणि कोबिल्ड नावाच्या डिक्शनरीत तर अर्थच अख्ख्या वाक्यात असतो. तरी अधूनमधून अर्थातलाच एखादा शब्द अडतो आणि चिडचिड होते, नाही असं नाही. अगदीच नवशिके असाल तर कदाचित मराठीच बरी पडेल. माझी मराठीवाली अजून टेबलावरच आहे, क्रियापदाला मात्र हात आपोआप दुसरीकडे जातो.