सहा महिने, तीन वाचनं आणि जांभळी रिबीन

रॉबर्ट कॉर्मियरची 'द चॉकलेट वॉर' ही कादंबरी मी जूनमध्ये मुलासाठी घेतली. तो नववीत, शाळा फक्त मुलांची. गेल्या आठवड्यात मधली सोळा पानं एकदम हातात आली. दुकानदार म्हणाला, "ताई, सहा महिन्यांनी कोण बदलून देतं?" साडेतीनशे रुपये मोजले आणि आत नुसता गोंद, एक टाका नाही! सावानातली, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयातली, आजोबांच्या वेळची पुस्तकं अजून टाक्यांवर उभी आहेत. नाशिकच्या पावसात गोंद टिकत नाही, हे इथे पुस्तकं विकणाऱ्याला कळायला हवं. शेवटी साठ रुपये देऊन शिवून घेतलं.

पुस्तक 1974 चं. ट्रिनिटी ही मुलांची शाळा, तिथला शिक्षक ब्रदर लिऑन, व्हिजिल्स ही विद्यार्थ्यांची टोळी आणि तिचा मेंदू असलेला आर्ची हे बहुतेकांना माहीत असेल. टोळीचा हुकूम असतो : नव्याने आलेल्या जेरीने दहा दिवस शाळेसाठी चॉकलेटं विकायला नकार द्यायचा. अकराव्या दिवशीही तो "नाही" म्हणतो, तिथून सगळं पेटतं.

पहिल्या वाचनात मी शेवटावर भयंकर चिडले. मार खाऊन पडलेला जेरी मित्राला, गूबरला, मनातल्या मनात सांगू पाहतो, की ते सांगतील ते कर. हे मी मुलाला वाचायला द्यायचं? महिनाभर पुस्तक साड्यांखाली ठेवलं.

दुसऱ्या वेळी मात्र मी एका जागी अडकले, ती अजून अडकलेलीच आहे. ती चॉकलेटं मदर्स डेची उरलेली असतात. लिऑन वीस हजार डबे स्वस्तात उचलतो, 'मदर' लिहिलेली जांभळी रिबीन काढायची आणि गेल्या वर्षीच्या दुप्पट भावाने, दोन डॉलरला डबा, मुलांकडून विकून घ्यायचा. प्रत्येकी पन्नास डबे. आणि जेरीची आई नुकतीच कॅन्सरने गेलेली. लेखक या दोन गोष्टींची गाठ कुठे मारून दाखवत नाही. मी मारली, कारण मी आई आहे. त्या रिबिनीचं पान मी इतक्यांदा उघडलं, की गोंद तिथूनच सुटला असणार.

मग पुस्तक मुलाच्या हातात दिलं. त्याला रिबिनीचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "आई, आर्चीला कोणी काही बोलत नाही ना, ते एकदम आमच्या वर्गासारखं आहे." वर्गात कोण आर्ची आहे, हे त्याने सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

दिवाळीनंतर शाळेने लकी ड्रॉची कुपनं दिली. वीस कुपनं, दहा-दहा रुपयांची. दरवर्षी मी दोनशे रुपये देऊन मोकळी होते. कॉलनीत पोराला दारोदार पाठवायची लाज वाटते. यंदा तोच म्हणाला, "तू घेऊ नकोस." सात विकली, तेरा परत केली. डब्याच्या सुट्टीत दोन दिवस त्याच्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलाने त्याला विचारलं, "उरलेली परत केली तर सर काय म्हणतात रे?"

शिवलेलं पुस्तक आता त्या मुलाच्या घरी आहे. मी बाहेरून खाकी कव्हरही घालून दिलं आहे.