नाकातली नळी, व्हे पावडर आणि आत्याचं चूर्ण

पेशंट आयसीयूतून नाकातल्या, पोटात फीड सोडायच्या नळीसकट घरी आला की औषधांपेक्षा खाण्यावरूनच जास्त वाद होतात. आमच्याकडे एका बाजूला डायटिशियनने लिहून दिलेली व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची) पावडर होती, दुसऱ्या बाजूला आत्याने आणलेलं अश्वगंधा चूर्ण, च्यवनप्राश आणि ज्येष्ठमध-पिंपळीचा काढा. पेशंट म्हणजे आमचे अप्पा, त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते, वजन 48 किलोवर आलेलं.

नुसता हिशेब मांडला तर पावडर पुढे. इतक्या आजारात किलोमागे निदान 1.2 ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे अप्पांना रोज साठेक ग्रॅम. चमचाभर च्यवनप्राशात साखरच जास्त, प्रथिनं नावाला. त्यात स्टेरॉइडमुळे शुगर आधीच चढलेली. पावडरचंही सगळं गोड नाही म्हणा. डबा महाग, गरम पाण्यात टाकली की गुठळ्या, आणि तो व्हॅनिलाचा वास घरभर.

पण माझ्यापुरता या वादाचा निकाल लावला तो नळीने. आत्याचं मन मोडवेना, म्हणून एका रात्री चमचाभर चूर्ण कोमट दुधात ढवळून 50 मिलीच्या सिरिंजने सोडलं. वस्त्रगाळ होतं, तरी दुधात फुगलं आणि तळाशी बसलं. निम्मं गेलं आणि दट्ट्या हलेना. कोमट पाणी घातलं, हलकेच मागे ओढून पाहिलं, पुन्हा पाणी. नळीत तपकिरी बूच स्पष्ट दिसत होतं. रात्री दहाला नर्स शोधून आणली. नवी नळी घालताना अप्पांना अशी उबळ आली की ऑक्सिमीटर 84 वर. नळी जागेवर आहे याची सकाळी एक्स-रेने खात्री होईपर्यंत फीड बंद, माणूस उपाशी. पावडर मात्र गाळून आणि आधी-नंतर 30 मिली पाणी देऊन सोडली, तर एकदाही अडली नाही.

काढ्याचं मी स्वतःहून छातीच्या डॉक्टरांना विचारलं, बरं झालं विचारलं. पिंपळीतल्या पायपरिनमुळे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या थिओफिलिनची रक्तातली पातळी वाढू शकते, आणि अप्पांना ती गोळी चालू होती. ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम उतरतं. स्टेरॉइड आणि साल्ब्युटामॉल (हेही श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) यांनीही ते उतरतंच. काढा त्याच दिवशी थांबला.

हा एका पेशंटचा अनुभव, तुमच्या वैद्यांचं मत वेगळं असू शकेल. पण नळी आहे तोवर मी तरी चूर्णाच्या वाटेला जाणार नाही. नळी निघाल्यावर गंमत अशी झाली की अप्पांनी पावडरला तोंडच लावलं नाही. शुगर आटोक्यात आल्यावर डॉक्टरांना विचारून च्यवनप्राश अर्धा चमचा सुरू केला, तो ते बोटाने चाटून खातात. पावडर आता धिरड्याच्या पिठात जाते, त्यांना न सांगता.